देहाचे वाचन

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. वैद्याच्या तोंडी तो रोगाच्या निश्चितीचा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात मात्र तो किमान अपेक्षेचा शब्द होतो. ‘निदान एवढे तरी करा’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात याचना असते आणि हक्कही असतो. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण असा आहे. बौद्ध विचाराने दुःखाच्या साखळीतील बारा दुव्यांना निदाने म्हटले. आयुर्वेदाने निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशा पाच अंगांनी रोगाचे ज्ञान करून घेण्याची पद्धत सांगितली, आणि तिच्यात पहिला मान कारणाला दिला. माधवकराचा जो ग्रंथ आपण ‘माधवनिदान’ म्हणून ओळखतो त्याचे मूळ नाव ‘रोगविनिश्चय’ असे आहे. रोगाचे नाव ठरवणे आणि त्याचे कारण शोधणे या दोन क्रिया आपल्या परंपरेने एका शब्दात बांधून ठेवल्या होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझे सारे आयुष्य साहित्यकृती वाचण्यात आणि इतरांना वाचायला शिकवण्यात गेले. वैद्यकाशी माझा संबंध घरातल्या आजारपणांपुरताच. तरीही निदान ही क्रिया मला नेहमीच वाचनाच्या जवळची वाटत आली आहे. चिन्हे समोर असतात, अर्थ दडलेला असतो, आणि अनेक संभाव्य अर्थांतून एकाची निवड करायची असते. परंतु या साम्याच्या पोटात एक मोठा भेद आहे. गाथेचा किंवा ज्ञानेश्वरीचा अर्थ कोणी चुकीचा लावला, तरी त्या ओवीला किंवा अभंगाला त्याची इजा होत नाही. पुढचा वाचक येतो आणि ती त्याच्यापुढे पूर्वीइतकीच अक्षत उभी राहते. देह वाचताना मात्र तो टोचावा लागतो, कापावा लागतो, त्याचा तुकडा काढावा लागतो. चुकलेले वाचन तेथे जखम होऊन राहते, आणि पुनर्वाचन म्हणजे दुसरी जखम. म्हणून देहाच्या वाचकाने किती सावध असावे, हा प्रश्न मला केवळ वैद्यकाचा वाटत नाही. एका विशिष्ट आजाराच्या निमित्ताने तो माझ्यापुढे आला, आणि त्या आजाराविषयीच येथे लिहायचे आहे.

मेसोथेलिओमा हे त्याचे नाव. फुप्फुसे, हृदय आणि उदरातील अवयव यांच्याभोवती जे पातळ आवरण असते त्याच्या पेशींचा हा कर्करोग. फुप्फुसावरणात तो सर्वाधिक आढळतो. त्याचे प्रमुख कारण ॲस्बेस्टॉस, हे आता निर्विवाद आहे. ॲस्बेस्टॉस म्हणजे खडकातून निघणारे तंतुमय खनिज. ते जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवते, स्वस्त पडते. या गुणांमुळे विसाव्या शतकाने ते जहाजांत, आगगाड्यांत, बॉयलरांवर, ब्रेकच्या अस्तरांत आणि घरांवरच्या सिमेंटच्या पत्र्यांत सढळ हाताने वापरले. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर आत जातात आणि तेथे, बाहेरच्याप्रमाणेच, नष्ट होत नाहीत. धूळ अंगावर घेतल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत साधारणतः वीस ते पन्नास वर्षे लोटतात. तोवर कारखाना बंद पडलेला असतो, मुकादम वारलेला असतो, आणि स्वतः कामगारही ती धूळ विसरलेला असतो.

जेव्हा लक्षणे येतात तेव्हा ती अगदी सामान्य असतात. दम लागतो, एका कुशीत दुखते, वजन उतरते, छातीत पाणी साठते. ही लक्षणे अनेक रोगांची आहेत. आणि आपल्या देशात छातीत पाणी झाले की सर्वप्रथम क्षयाची शंका येते. ती चुकीची नाही, कारण बहुतेक वेळा ती खरी ठरते. परंतु जे सामान्यतः खरे असते त्याच्या आड अपवाद सहज लपतो.

माझ्या मामेभावाच्या बाबतीत असेच झाले. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळच्या गावातून ते १९६१ साली मुंबईला गेले आणि परळच्या बाजूला एका कापडगिरणीत लागले. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो संपला असे कधी कोणी जाहीर केले नाही, आणि अण्णांना गिरणीने परत बोलावले नाही. ते गावी आले, वाट्याची थोडी जमीन कसू लागले. नात्यात सगळे त्यांना ‘गिरणीतले अण्णा’ म्हणत. गिरणी म्हटली की माग आणि कापूस एवढेच आमच्या डोळ्यांपुढे येई.

२००९च्या पावसाळ्यात त्यांना दम लागू लागला. तालुक्याच्या गावी क्ष-किरणचित्र काढले, छातीत उजवीकडे पाणी दिसले. बोटांनी ठोकून जागा ठरवली गेली, सुई घालून पाणी काढले गेले, आणि क्षयाची औषधे सुरू झाली. दीड महिन्यात पाणी पुन्हा भरले. पुन्हा सुई. तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत आणि कर्करोगाच्या पेशीही सापडल्या नाहीत. ‘पाण्यात काही नाही’ या शब्दांनी घरात समाधान पसरले. तिसऱ्या वेळी, एका मोठ्या गावातल्या खासगी रुग्णालयात, सुई फुप्फुसाला लागली. छातीत हवा भरली, जीव घाबरा झाला, बरगड्यांमधून नळी घालावी लागली आणि आठ दिवस ती बाटलीला जोडलेली राहिली. रोगाने त्यांना अजून फारसे छळले नव्हते. त्या आठ दिवसांचे सारे हाल रोग शोधण्याच्या खटपटीतून आलेले होते.

शेवटी त्यांना मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात आणले. तेथे विभागात शिकणारी एक तरुण डॉक्टर होती. तिने आधीची सारी कागदपत्रे क्रमाने लावली, वाचली, आणि मग खाटेशी स्टूल ओढून बसली. ‘आजोबा, तुम्ही गिरणीत होतात हे इथे लिहिलंय. पण तिथे हातांनी नेमकं काय काम करत होतात?’ अण्णा म्हणाले, ‘मी मागावर कधीच नव्हतो, बाई. बॉयलरवर होतो. वाफेच्या नळांना पांढरा लेप द्यायचा, वर दोर गुंडाळायचा. पोत्यातली भुकटी बालदीत कालवायची.’ भुकटी कशाची, हे तिने विचारले. नाव त्यांना सांगता आले नाही. पण जळत नसे एवढे सांगितले. मग तिने वहिनींकडे वळून विचारले, ‘आजी, यांचे कपडे घरी कोण धूत असे?’ वहिनी म्हणाल्या, ‘मीच. गॅलरीत आधी झटकायचे, मग भिजवायचे.’ डॉक्टरने तेही लिहून घेतले, आणि वहिनींच्याही छातीचे चित्र काढून घ्यायला सांगितले.

नात्यातल्या आम्हा कोणालाही पन्नास वर्षांत हा प्रश्न सुचला नव्हता. तोपर्यंतच्या कोणत्याही कागदावर ‘बॉयलर’ हा शब्द नव्हता. त्या दहा मिनिटांत सुई नव्हती, यंत्र नव्हते, खर्च नव्हता, आणि निदानाची दिशा मात्र पूर्ण बदलली होती. वाग्भटाने रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन प्रकारची सांगितली आहे. त्यातले सर्वांत निरुपद्रवी साधन प्रश्न हे आहे. आणि रुग्णांच्या रांगा, अपुरा वेळ यांमुळे आज तेच सर्वांत आधी गळून पडते.

प्रश्नाची ही थोरवी युरोपातही एका वैद्याने ओळखली होती. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला विचारायच्या परंपरागत प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? मेसोथेलिओमाचा आधुनिक इतिहासही अशाच विचारपुशीतून सुरू झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे क्षयरोग्यांवर उपचार करणाऱ्या स्लेग्स या डॉक्टरांच्या लक्षात आले, की फुप्फुसावरणाच्या काही रोग्यांना क्षयाच्या औषधांचा गुण येत नाही, आणि असे रोगी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी असलेल्या पश्चिमेकडच्या प्रदेशातून येतात. वॅग्नर या विकृतिशास्त्रज्ञाने त्यांच्या ऊती तपासल्या. तिसरे सहकारी मार्चंड. या तिघांनी १९६० साली तेहतीस रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. जवळजवळ प्रत्येकाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध निघाला; आणि त्यांतले कित्येक खाणकामगार नव्हतेच, खाणींच्या परिसरात राहिलेले, लहानपणी तेथल्या धुळीत खेळलेले असे होते. ‘कुठे वाढलात’ हे विचारले नसते तर ही माहिती कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली सापडली नसती. पाच वर्षांनी, १९६५ साली, लंडनमधील न्यूहाउस आणि थॉम्प्सन यांच्या अभ्यासात घरच्या कामगाराचे कपडे धुणाऱ्या स्त्रियाही या रोगाला बळी पडल्याचे दिसले. त्या तरुण डॉक्टरने वहिनींना विचारलेल्या प्रश्नामागे हा सारा इतिहास उभा होता.

अर्थात केवळ प्रश्नाने निदान पुरे होत नाही. ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय या रोगाचे नाव निश्चित करता येत नाही, कारण छातीतल्या पाण्यात त्याच्या पेशी बहुसंख्य रुग्णांत खात्रीने ओळखता येत नाहीत. ‘पाण्यात काही नाही’ याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही, एवढे कळले तरी पुष्कळ टोचणी वाचते. तेव्हा तुकडा घ्यायचा, पण कसा?

फार वर्षे तो न पाहता घेतला जाई. १९५८ साली एब्रॅम्स याने एक जाड, आकडेदार सुई तयार केली. ती बरगड्यांच्या मधून आत घालून आवरणाचा लचका ओढून काढायचा. क्षय आवरणभर पसरलेला असतो, त्यामुळे तो अशा अंध सुईला सापडतो. मेसोथेलिओमा प्रारंभी ठिकठिकाणी गाठी धरून असतो. सुई दोन गाठींच्या मधून गेली तर हाती निरोगी ऊती येते. २००३ साली ब्रिटनमध्ये पन्नास रुग्णांवर झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत अंध सुईने फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचे निदान शंभरांतील सत्तेचाळीस रुग्णांत झाले, तर सी.टी. स्कॅनमध्ये जागा पाहून घेतलेल्या तुकड्याने सत्त्याऐंशी रुग्णांत. सुई तीच वेदना देते. आधी पाहिले की तिचे फळ जवळजवळ दुप्पट होते.

पाहण्याचे आणखी एक साधन त्याहून जुने आहे. १९१० साली स्टॉकहोम येथील याकोबेउस याने मूत्राशय तपासण्याची दुर्बीण छातीच्या पोकळीत घालून आवरण प्रत्यक्ष पाहिले. त्याच पद्धतीचे आजचे रूप म्हणजे थोरॅकोस्कोपी. अनेक ठिकाणी ती रुग्णाला पूर्ण भूल न देता, जागा बधिर करून केली जाते. एकाच प्रवेशात पाणी काढता येते, आवरण डोळ्यांनी निरखता येते, संशयित जागेचे पुरेसे तुकडे घेता येतात, आणि पाणी पुन्हा भरू नये याची तजवीजही करता येते. कर्करोगाच्या निदानात तिचे यश नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. नीट आखलेला एक प्रवेश हा चाचपडत केलेल्या चार प्रवेशांपेक्षा सुरक्षित, हे यातले सूत्र.

न पाहता केलेल्या कृतीची किंमत किती असू शकते, याचा हिशेब इंग्लंडमध्ये एकदा जाहीरपणे मांडला गेला. तेथील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००८ साली छातीत नळी घालण्याविषयी इशारा दिला. जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात या कृतीशी निगडित बारा मृत्यू आणि गंभीर इजेच्या पंधरा घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. नळी भलत्या जागी, भलत्या खोलीपर्यंत गेली होती. त्यानंतर पाणी काढताना किंवा नळी घालताना शेजारी सोनोग्राफीचे यंत्र ठेवून जागा पाहण्याचा आग्रह मार्गदर्शक नियमांत आला. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २०१० साली त्याची ठाम शिफारस केली. या घटनेत मला महत्त्वाची वाटते ती नोंद. चुका लपवल्या असत्या तर नियम झाला नसता. आपल्याकडे गावोगावी गर्भवतींसाठी सोनोग्राफीची यंत्रे आली; छातीत सुई घालण्यापूर्वी तेच यंत्र दोन मिनिटे वापरण्याची शिस्त मात्र सर्वत्र पोहोचली आहे असे म्हणता येणार नाही. अण्णांची तिसरी सुई अशीच, यंत्र इमारतीत असताना, यंत्राविना घातली गेली होती.

मेसोथेलिओमाच्या बाबतीत सुईचा आणखी एक धोका असतो. ज्या वाटेने सुई किंवा नळी आत जाते त्या वाटेवर कधी कधी रोगाच्या पेशी रुजतात आणि कातडीखाली गाठ येते. १९९५ साली फ्रान्समध्ये चाळीस रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली. ज्या वीस जणांच्या छिद्राच्या जागी किरणोपचार दिले त्यांच्यात एकही गाठ आली नाही. न दिलेल्या वीसपैकी आठ जणांत ती आली. स्वाभाविकच, असे किरण सर्वांना द्यावेत असा प्रघात पडू लागला. पुढे ब्रिटनमध्ये २०३ आणि ३७५ रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ साली आले, आणि सरसकट किरण देण्याचा लक्षणीय लाभ नाही असे ठरले. सुरक्षिततेच्या नावाने सुरू झालेला एक उपचार सुरक्षिततेच्याच विचाराने मागे घेतला गेला. समीक्षेत एखादे मत एकदा रूढ झाले की त्याची फेरतपासणी करायला आपण किती नाखूश असतो, हे जाणणाऱ्याला या वृत्तीविषयी आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. वाटेवर गाठ येऊ नये याचा सर्वांत साधा उपाय, म्हणजे वाटाच कमी पाडणे, तो मात्र कायम आहे.

तुकडा हाती आला तरी वाचन संपत नाही. खरे तर तेथे दुसरे वाचन सुरू होते. संसर्गाने किंवा जुन्या दाहाने चिडलेल्या आवरणाच्या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या दिसतात. फुप्फुसाचा कर्करोग आवरणात पसरला तर तोही मेसोथेलिओमाचे सोंग घेतो. म्हणून विकृतिशास्त्रज्ञ एकाच रंगावर विसंबत नाही. तो प्रथिनांवरून पेशींची ओळख पटवणाऱ्या अनेक चाचण्या एकत्र वाचतो: काही मेसोथेलिओमाच्या बाजूने बोलणाऱ्या, काही त्याच्या विरुद्ध. गेल्या दशकभरात त्यांत बॅप-१ या प्रथिनाच्या चाचणीची मोलाची भर पडली. पेशींच्या केंद्रकातून हे प्रथिन नाहीसे झालेले दिसले तर त्या केवळ चिडलेल्या नसून कर्करोगाच्या आहेत, या निष्कर्षाला मोठे बळ मिळते. ही खूण कधी कधी छातीतल्या पाण्यातील पेशींतही वाचता येते, आणि मग एखाद्या थकलेल्या वृद्धाला पुढची शस्त्रक्रिया टळू शकते. उलट, प्रथिन जागेवर असले म्हणून रोग नाही, असे मात्र म्हणता येत नाही. रक्तातील मेसोथेलिनच्या चाचणीविषयी २००३ साली मोठी आशा निर्माण झाली होती. केवळ रक्तावर निदान करता आले तर सुईच नको. ती चाचणी साहाय्यक ठरली. एकटीच्या बळावर निर्णय द्यायला ती अजून असमर्थ आहे.

फ्रान्समध्ये १९९८ पासून या रोगाचे राष्ट्रीय सर्वेक्षण आहे, आणि त्यात संशयित तुकड्यांच्या काचा तज्ज्ञांच्या गटाकडून पुन्हा वाचून घेतल्या जातात. अण्णांच्या काचाही आमच्या डॉक्टरने दुसऱ्या एका विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवल्या. घरच्यांना तो विलंब वाटला. माझ्या मनात मात्र आले, की हेच खरे पुनर्वाचन: ज्यात वाचक बदलतो आणि देहाला पुन्हा हात लावावा लागत नाही.

निदान ठरल्यावर ते सांगणे हाही निदानाचाच भाग असतो, आणि त्यातही इजा होऊ शकते. ‘त्यांना सांगू नका’ ही आपल्या घरांतली पहिली प्रतिक्रिया असते, प्रेमापोटीच येते. आमच्याकडेही ती आली. पण अण्णांनी स्वतःच विचारले, आणि डॉक्टरने त्यांना रोगाचे नाव, त्याचे कारण आणि त्याची गंभीरता सोप्या मराठीत सांगितली. किती महिने, हा आकडा तिने सांगितला नाही. कोणी विचारलाच तर कसा समजून घ्यावा हे सांगितले. येथे मला स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाची आठवण होते. १९८२ साली त्याला उदरातील मेसोथेलिओमा असल्याचे कळले. ग्रंथालयात जाऊन त्याने वाचले तेव्हा त्याला आढळले, की निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यांक आठ महिने आहे. १९८५ साली लिहिलेल्या निबंधात त्याने या आकड्याचे जे विवेचन केले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावे असे आहे. मध्यांकाचा अर्थ एवढाच, की निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून अधिक जगतात. त्या दुसऱ्या अर्ध्यांची शेपटी बरीच लांब असू शकते. गूल्ड पुढे वीस वर्षे जगला आणि २००२ साली वेगळ्याच कर्करोगाने वारला. त्याचे भाग्य प्रत्येकाला लाभत नाही. पण आकडा शिक्षा म्हणून वाचू नये, हे त्याचे म्हणणे प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. अण्णांनी सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘आता पुन्हा टोचणार नाहीत ना?’ शक्यतो नाही, असे उत्तर त्यांना मिळाले आणि ते पाळले गेले. निदानानंतर ते अकरा महिने जगले. वहिनींच्या छातीचे चित्र तेव्हा स्वच्छ निघाले. या रोगाचा काळ एवढा लांब, की त्या स्वच्छतेला आम्ही आजही जपूनच शब्द वापरतो.

आता राहतो कारणाचा प्रश्न, म्हणजे ‘निदान’ या शब्दाचा मूळ अर्थ. रुग्णाच्या स्मृतीवर सारे सोडून चालत नाही, नोंदी लागतात. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांविषयी दिलेल्या निकालात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपून ठेवण्याचा आदेश दिला. रोगाचा सुप्त काळ ज्याला कळला आहे अशाच माणसाला हा चाळीस वर्षांचा आकडा सुचेल. निदान सुरक्षित करणारा कायदा म्हणून मला या आदेशाकडे पाहावेसे वाटते. कारण अशी नोंद असलेल्या माणसाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी योग्य शंका घेता येते. पण कापडगिरणीच्या बॉयलरवर भुकटी कालवणारा माणूस ॲस्बेस्टॉस उद्योगातला कामगार कसा ठरणार? गोदीत जहाजांची दुरुस्ती करणारा, जुन्या इमारती पाडणारा, पत्रे कापणारा मजूर कोणत्या वहीत सापडणार? साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्याच्या खाणींना आळा बसला, तरी परदेशातून येणाऱ्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही घरांवर चढत आहेत. म्हणजे आज जो तरुण हे पत्रे कापतो आहे त्याला योग्य प्रश्न विचारणारा डॉक्टर कदाचित अजून जन्मालाही आलेला नसेल.

नोंद ही केवळ सरकारी वहीत होते असे नाही. फ्रान्झ काफ्का १९११ साली मेहुण्याबरोबर प्रागमधील एका ॲस्बेस्टॉसच्या कारखान्याचा भागीदार झाला होता. कामगार अपघात विमा संस्थेतली त्याची नोकरी तर प्रसिद्धच आहे. त्याच्या रोजनिशीत त्या कारखान्यातल्या मुली येतात, त्यांचे मळके कपडे येतात, पाळी संपल्यावर ब्रशने धूळ झटकणे येते. ती धूळ काय करते हे त्याला तेव्हा ठाऊक असणे शक्य नव्हते. लेखकाच्या डोळ्यांनी ती टिपली एवढेच. मराठीत गिरणगावाचे साहित्य समृद्ध आहे. नारायण सुर्वे यांनी गिरणीत स्वतः काम केले आणि कामगाराला कवितेत आणले. तरी मागांच्या खडखडाटापलीकडे, बॉयलरच्या उष्ण अंधारात, कोण काय कालवत होते याचे तपशील मला आपल्या साहित्यात फारसे भेटलेले नाहीत. कामाचा तपशील हा वास्तववादाचा अलंकार आहे असे आपण वर्गात शिकवतो. अण्णांच्या आजारानंतर मला तो पुरावा वाटू लागला आहे. माणसाचे हात दिवसभर काय करत होते, हे जो नेमके लिहून ठेवतो तो पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या निदानाला मदत करत असतो.

वैद्यकाच्या हातून या रोगावर हमखास उपाय अद्याप यायचा आहे. शस्त्रक्रिया, औषधे, प्रतिकारशक्तीला चेतवणारे नवे उपचार यांनी काहींचे आयुष्य वाढते. रोग समूळ जात नाही. अशा वेळी निदानाच्या सुरक्षिततेचा प्रश्न गौण वाटण्याची शक्यता असते. मला तो उलट अधिक महत्त्वाचा वाटतो. जेथे उरलेला काळच थोडा आहे, तेथे त्यातले आठ दिवस चुकलेल्या सुईने हिरावून घेणे ही मोठी चोरी आहे. त्या माणसाला आपण बरे करू शकत नसू; पण निदान त्याला आधी विचारावे, टोचण्यापूर्वी पाहावे, एकदाच आणि पुरेसे घ्यावे, घेतलेले दोघांनी वाचावे, आणि वाचलेले त्याला माणसासारखे सांगावे. ‘निदान’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एक होतात.